तळ्याकाठच्या पाट्या

उन्हाळ्यात तुम्ही एखाद्या तळ्यावर गेला असालच. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यू हॅम्पशर, जिथे तुमचं घर असेल तिथलं. तिथे पाण्यावर एक पांढरा बोया डुलत असतो. त्यावर नारिंगी वर्तुळ असतं आणि काळ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘स्लो, नो वेक’. बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पपाशी दुसरी पाटी असते. तिच्यावर एका पाणवनस्पतीचं चित्र आणि ती या तळ्यात सापडल्याचा इशारा असतो. बहुतेक ठिकाणी तिसरीही असते, बोट धुवा, पाणी काढा, असं सांगणारी.

समीक्षा म्हटली की आपण पुस्तकाची, नाटकाची किंवा सिनेमाची करतो. पण या देशात उन्हाळ्याच्या चार महिन्यांत या तीन पाट्या जितके लोक वाचतात, तितके कुठल्या मराठी पुस्तकाच्या नशिबी आलेले मला तरी माहीत नाहीत. शिवाय लोक त्या वाचून तसं वागतातही. म्हणून त्या लेखन म्हणून कशा आहेत, काय सांगतात आणि काय सांगायचं विसरतात, हे एकदा नीट बघू या. माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. पहिली पाटी जुनी झाली आहे, दुसरी भलत्याकडेच बोट दाखवते आणि तिसरी चांगली आहे. आणि लाट आणि गवत ही दोन वेगळी दुखणी असल्यासारखं या पाट्या बोलतात, ते चुकीचं आहे.

पहिल्या पाटीतला ‘वेक’ म्हणजे चालत्या बोटीमागे उठणारी लाट. नवख्या मराठी माणसाला ‘नो वेक’ म्हणजे ‘झोपमोड करू नका’ असं वाटतं, आणि अर्थ फार लांब गेला असंही नाही. कायद्यात मात्र या शब्दांची व्याख्या आहे. विस्कॉन्सिनच्या कायद्यानुसार बोट वळवण्यापुरता ताबा राहील इतक्या कमीत कमी वेगाने चालवणं म्हणजे ‘स्लो-नो-वेक’. मिनेसोटाचा नियम जवळपास हेच सांगतो आणि वर एक आकडा जोडतो, कोणत्याही परिस्थितीत ताशी ५ मैलांपेक्षा जास्त नाही. ज्या पट्ट्यात हा बोया असतो तिथे ही व्याख्या चोख काम करते. पण पाटीचं काम तिच्या पट्ट्यापुरतं उरत नाही. ती वाचणाऱ्याच्या डोक्यात एक समीकरण बसवते, की वेग म्हणजे लाट आणि हळू म्हणजे लाट नाही. बोया मागे पडल्यावरही माणूस हेच समीकरण घेऊन तळ्यावर फिरतो. घोळ तिथे सुरू होतो.

बोटीचं साधं यंत्रशास्त्र बघा. अगदी हळू जाणारी बोट पाणी अलगद बाजूला सारते. खूप वेगाने जाणारी बोट पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते, तेव्हा तिचं थोडंच पोट पाण्यात असतं आणि मागची लाट बेताची असते. सगळ्यात मोठी लाट उठते ती या दोन्हींच्या मधल्या वेगाला. तेव्हा बोटीचं नाक वर असतं, बूड खाली दबलेलं असतं आणि ती नांगरासारखं पाणी उकरत जाते. पूर्वीचे बोटवाले या मधल्या वेगातून शक्य तितक्या लवकर बाहेर पडायचे, कारण त्यात इंधन जातं आणि मजाही नसते.

गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झालेल्या वेक-सर्फिंगच्या बोटी मुद्दाम या मधल्या वेगात राहण्यासाठी बनवलेल्या आहेत. ताशी १०-१२ मैल. बोटीच्या पोटातल्या टाक्यांमध्ये तळ्याचंच पाणी भरून घेतात, काही हजार पौंड वजनाचं. त्यामुळे बूड आणखी दबतं. मागे लावलेल्या हलत्या पट्ट्या लाटेला आकार देतात. मग त्या लाटेवर दोरीशिवाय, फळीवर उभं राहून समुद्रावरच्यासारखं तरंगत राहायचं. खेळ सुंदर आहे, हे मान्य करायलाच हवं. वेग कमी असल्यामुळे पडलं तरी फार लागत नाही, पोरं पटकन शिकतात आणि पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही तो झेपतो. आमच्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी अशी बोट घेतली, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही एक रविवार घालवला. काठावरून कुणी तरी हातवारे करून ओरडत होतं. गृहस्थांनी मला काटा दाखवला. “अहो, बघा की, बाराच्या वर जात नाहीये. याहून हळू काय चालवणार?” वहिनी मागे बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, पण त्यांच्या धक्क्यावरची खुर्ची गेली ना पाण्यात!”

दोघांचंही बरोबर होतं. गृहस्थ नियमात होते, हळूही होते आणि खुर्चीही गेली होती. ‘स्लो’ या शब्दाने त्यांना जे शिकवलं होतं, ते या बोटीला लागू पडत नव्हतं. ज्या काळी वेगवान बोट हाच तळ्यावरचा मोठा उपद्रव होता, त्या काळचा हा शब्द आहे. आता उपद्रवाचं यंत्र बदललं आहे आणि पाटी तशीच उभी आहे.

लाट किती मोठी, हा प्रश्न मतांवर सोडायचं कारण आता राहिलेलं नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने प्रत्यक्ष तळ्यावर मोजमापं घेतली आणि २०२२ मध्ये अहवाल दिला. साधी बोट नेहमीच्या वेगाने गेली की २०० फुटांवर तिच्या लाटेत जितका जोर उरतो, तितक्यापर्यंत खाली यायला वेक-सर्फिंगच्या लाटेला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे शाळेत शिकलेलं इथे आठवा. उंची दुप्पट झाली की काठावर येणारा मार चौपट होतो. याच प्रयोगशाळेचा पुढचा अहवाल २०२५ मध्ये आला. तो लाटेबद्दल नसून पंख्याच्या झोताबद्दल आहे. बूड दबल्यामुळे या बोटींच्या पंख्याचा झोत तिरका खाली जातो आणि उथळ पाण्यात तळाचा गाळ उसळतो. म्हणून त्या २० फूट किंवा त्याहून खोल पाण्यातच चालवाव्यात, अशी त्यांची शिफारस आहे.

आता पाटीकडे परत या. तिच्यात खोलीबद्दल एक अक्षर नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर काय दिसतं एवढंच ती बोलते. तळ्याला तळ असतो, हे तिच्या गावीच नाही.

तिच्या आसपास उगवलेली घोषवाक्यंही तपासून बघा. बोटी बनवणाऱ्या उद्योगाची मोहीम आहे, ‘वेक रिस्पॉन्सिबली’. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाची आहे, ‘ओन युवर वेक’, आणि पुढे यमक जुळवून सगळ्यांच्या भल्यासाठी वगैरे. दोन्हीकडे सांगितलेलं अंतर २०० फूट. ‘जबाबदारीने’ हे क्रियाविशेषण मला दारूच्या जाहिरातींतून ओळखीचं आहे. ज्याला काही ठोस सांगायचं नसतं तो क्रियाविशेषण वापरतो. ‘तुमची लाट तुमची माना’ हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्यात लाटेला मालक आहे. पण मालकीचा भाव जागवून पुढे २०० फूट सांगायचे आणि त्याच राज्याच्या विद्यापीठाने मोजलेले ५०० फूट बाजूला ठेवायचे, याला काय म्हणावं?

आता दुसरी पाटी, गवताची. मिनेसोटात या गवताची पहिली नोंद १९८७ सालची, मिनेटोंका तळ्यातली. ‘मिनेटोंका’ हे नाव डकोटा भाषेतून आलेलं, अर्थ मोठं पाणी. गवताचं नाव युरेशियन वॉटरमिल्फॉइल. उत्तर अमेरिकेत ते १९४०च्या दशकापासून आहे. पिसासारखी नाजूक पानं, लालसर शेंडे. वर पोचलं की पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून चटई करतं आणि खालच्या वनस्पतींचा उजेड अडवतं. होडीचं वल्हं त्यात अडकतं, पोहणाऱ्याचे पाय अडकतात. याच्याच कुळातलं एक स्थानिक मिल्फॉइल इथे आधीपासून आहे आणि ते निरुपद्रवी आहे. दोघांतला फरक ओळखायचा तर पानाच्या पाकळ्यांच्या जोड्या मोजाव्या लागतात. बाराहून जास्त असल्या तर बहुधा परकं. रॅम्पवर मागे गाड्यांची रांग लागलेली असताना पाकळ्या मोजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पाटी गवताचं कूळ सांगते, चित्र दाखवते आणि थांबते. महत्त्वाची गोष्ट तिच्या बाहेर राहते. हे गवत मुख्यतः बियांनी पसरत नाही, तुकड्यांनी पसरतं. बोटभर तुकडाही कुठे रुजला की नवं झाड. उन्हाळ्याच्या शेवटी ते आपणहून तुटतंच, पण बोटीचा पंखा गवताच्या चटईतून गेला की शेकडो तुकडे होतात आणि लाट ते दूरवर नेते. वर पंख्याच्या झोताने गाळ उसळला की पाणी गढूळ होतं. स्थानिक वनस्पतींना खालपर्यंत उजेड मिळेनासा होतो, पण वर चढून पसरणाऱ्या या गवताचं फारसं बिघडत नाही. गाळाबरोबर फॉस्फरस वर येतो आणि त्यावर शेवाळ माजतं. म्हणजे लाट, गाळ आणि गवत ही एकाच गोष्टीची तीन तोंडं आहेत. पाट्यांनी मात्र ती वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकली आहेत. लाट म्हणजे वाहतुकीचा प्रश्न, आणि गवत म्हणजे घुसखोरीचा.

या घुसखोरीच्या भाषेपाशी आपण, म्हणजे तुम्ही-मी, जरा थबकतो. ‘इन्व्हेझिव्ह’ आणि ‘एलियन’ हे शब्द इमिग्रेशनच्या फॉर्मवर आपण वेगळ्या संदर्भात वाचलेले असतात. १९९९ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशात ‘इन्व्हेझिव्ह’ची जी व्याख्या आहे तिचे दोन भाग आहेत. जीव त्या परिसंस्थेत परका हवा, आणि त्याच्यामुळे अर्थव्यवस्थेला, पर्यावरणाला किंवा माणसाच्या आरोग्याला हानी होत असावी किंवा होण्याचा संभव असावा. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पाटीवर मात्र पहिलीच अट दिसते, तीही नावातच ठोकलेली. युरेशियन.

मंडळाच्या गप्पांत याच्या दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. एक रागाची, की बघा, यांना सगळं वाईट बाहेरूनच आलेलं वाटतं. दुसरी फार उत्साहाची, की आपण आता इथले, चला, परकं गवत उपटू या. मला दोन्ही वाचनं कच्ची वाटतात, कारण दोन्हींत गवताला माणूस केलेलं आहे. गवताला पासपोर्ट नाही, हे खरं. पण त्याने तळं गुदमरतं, हेही खरं, आणि कुणाच्या भावना दुखावल्या म्हणून ते कमी गुदमरत नाही.

नाव बदलून काही साधतं का? थोडं साधतं. आपल्या तळ्या-नद्यांत घुसलेल्या माशांना इथे ‘एशियन कार्प’ म्हणत. मिनेसोटाने २०१४ मध्ये कायदा करून सरकारी कामकाजात त्यांना ‘इन्व्हेझिव्ह कार्प’ म्हणायचं ठरवलं. झाडांची पानं फस्त करणाऱ्या एका पतंगाच्या नावात ‘जिप्सी’ होतं, ते अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेने काढलं आणि २०२२ मध्ये त्याला ‘स्पाँजी’ हे नाव दिलं, त्याच्या अंड्यांच्या स्पंजासारख्या पुंजक्यावरून. या बदलांची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. मला त्यातला दुसरा बदल जास्त आवडतो. पहिल्याने मूळ गाव पुसलं आणि जागी शिक्का ठेवला. दुसऱ्याने अंडी कशी ओळखायची ते सांगितलं.

मराठीने हे फार पूर्वीपासून केलेलं आहे. लँटानाला आपण घाणेरी म्हणतो, कारण तिला वास येतो. रान मोडून काढणारी ती रानमोडी. पार्थेनियम १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास दिसायला लागलं, तेव्हा त्याला पानांवरून गाजरगवत म्हटलं गेलं. काँग्रेस गवत हेही नाव चिकटलं, पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून म्हणा नाही तर त्या काळच्या अमेरिकी गव्हाच्या आयातीवरून म्हणा. ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली आहेत, पण एकाच्याही नावात ‘अमेरिकन’ नाही. नाव ठेवताना लोकांनी ते काय करतं, कसं दिसतं, कसं वास मारतं एवढंच पाहिलं. मिल्फॉइलचं नाव आपल्याकडच्या एखाद्या आजीला ठेवायला सांगितलं असतं, तर तिने ‘पायगुंडी’ असलं काही तरी ठेवलं असतं आणि पोहणारं पोर आपोआप सावध झालं असतं.

उलट दिशेचं उदाहरणही हाताशी आहे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग केलेला आठवतो? काचपात्रात उपडं नरसाळं, त्याच्याखाली हिरवी पाणवनस्पती, वर परीक्षानळीत जमणारे ऑक्सिजनचे बुडबुडे. ती वनस्पती म्हणजे हायड्रिला. आपल्या ओढ्या-तळ्यांतली साधी रहिवासी. ती १९५०च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लॉरिडात आली, तिथले कालवे तिने भरून टाकले आणि आज ती अमेरिकेत कायद्याने निषिद्ध तण आहे. कनेटिकट नदीत २०१६ मध्ये तिचाच एक वेगळा प्रकार सापडला आणि तोही झपाट्याने पसरतो आहे. तिकडे तीच वनस्पती बिचारी नरसाळ्याखाली बुडबुडे सोडत बसली आहे. वनस्पती एकच आहे. बदललं ते पाणी, आणि तिला तिथे नेणारा हात.

आणि इथेच मिल्फॉइलच्या पाटीचा सगळ्यात मोठा दोष दिसतो. गवत कुठल्या खंडातून आलं ते ती सांगते, गेल्या शनिवारी शेजारच्या तळ्यातून ते कशावर बसून आलं हे सांगत नाही. युरेशियातून इथवरचा प्रवास कधीच संपला. आज चालू आहे तो तळ्या-तळ्यांमधला प्रवास, ट्रेलरच्या दांड्यावर, नांगराच्या दोरात, पंख्यात गुंतून. वेक-बोटींच्या टाक्यांची यात भर पडते. पंप चालवून टाकी रिकामी केली तरी तळाशी पाणी उरतंच, आणि झीब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं त्यात जिवंत राहू शकतात. मिनेटोंकात ते शिंपले २०१० मध्ये सापडले.

स्थानिक-परकं ही विभागणी किती पातळ आहे हे तळ्यातच बघायला मिळतं. युरेशियन मिल्फॉइल आणि इथलं स्थानिक मिल्फॉइल यांचा संकर झालेला आहे, आणि त्यातले काही प्रकार नेहमीच्या तणनाशकाला पुरते दाद देत नाहीत. या संकराचं नाव पाटीवर काय लिहायचं? दुसरीकडे, या गवताचा सगळ्यात चिवट शत्रू इथलाच दोन-तीन मिलिमीटर आकाराचा एक सोंडकिडा आहे. तो पूर्वी स्थानिक मिल्फॉइलवर जगायचा. परकं आलं, आणि याला तेच जास्त आवडायला लागलं. तो देठ पोखरतो आणि चटई खाली बसते. मात्र तळ्यात सनफिश जास्त झाले की ते किडे खाऊन टाकतात. असल्या गोष्टींमुळे मला तळं वाचायला आवडतं. त्याची पाटी तितकी आवडत नाही.

पुण्याचे वाचक आता मनात म्हणत असतील, आमच्या जलपर्णीचं काय? तिचंही हेच. पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, दरवर्षी ‘जलपर्णीचा विळखा’ असे मथळे येतात, काढायचे ठेके निघतात, पुढच्या वर्षी ती परत येते. ती दक्षिण अमेरिकेची आहे हे खरं, पण ती फोफावते नदीत सोडलेल्या सांडपाण्यावर. मथळ्यात विळखा येतो, सांडपाणी आतल्या पानावर जातं. दोष झाडाला दिला की काम सोपं होतं, कारण झाड खुलासा देत नाही.

बोटवाल्यांवर एवढं लिहिल्यावर काठावरच्या घरमालकांना सोडून चालणार नाही. ‘नो वेक’ची मागणी सगळ्यात जोरात हेच करतात आणि त्यांच्या पत्रांची भाषा मला फार खटकते. ‘आमचं तळं’, ‘आमचा शांतपणा’. तळं सार्वजनिक आहे. रॅम्पवरून दहा डॉलरची हवेची होडी घेऊन उतरणाऱ्याचंही ते तितकंच आहे. दुसरं म्हणजे, लाटांनी काठ खचतो अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ घरांची हिरवळ थेट पाण्यापर्यंत कापलेली असते. काठावरची लव्हाळी, ज्यांच्या मुळांनी माती धरून ठेवलेली असते आणि ज्या लाटेचा जोर मोडतात, ती पोहायला नको म्हणून आधीच उपटलेली असतात. हिरवळीच्या खतातला फॉस्फरस पाण्यात जाऊ नये म्हणून मिनेसोटाला २००५ पासून राज्यभर निर्बंध आणावे लागले, ते काही सर्फिंगवाल्यांमुळे नव्हे. आपल्यातल्याही काही जणांनी आता तळ्याकाठी घरं घेतली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. धक्क्यावरून ओरडण्याआधी धक्क्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काय उगवू दिलं आहे ते बघावं.

तिसरी पाटी या सगळ्यांत उजवी आहे. ‘क्लीन, ड्रेन, ड्राय’. मिनेसोटात शेवटचा शब्द ‘डिस्पोज’ असतो, उरलेलं आमिष कचऱ्यात टाका म्हणून. तीन क्रियापदं, तिन्ही हाताने करायची. परकं कोण, आपलं कोण, याची चर्चा नाही. विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही. तळं सोडताना बोटीच्या बुडाची डाट काढायची आणि गाडी चालू असेपर्यंत ती लावायची नाही, हा मिनेसोटात कायदाच आहे. तिच्या जोडीला कधी कधी दुसरी घोषणा असते, ‘स्टॉप ॲक्वाटिक हिचहायकर्स’. पाण्यातल्या फुकट्या प्रवाशांना थांबवा. ही उपमा मला पाट्यांमधली सगळ्यात हुशार वाटते. हिचहायकर म्हटलं की गाडी आली, आणि गाडी चालवणाराही आला.

लाट आणि गवत एकाच कागदावर आणणारं लेखन मला सापडलं ते व्हर्मॉंटमध्ये. नागरिकांच्या एका गटाने २०२२ मध्ये याचिका केली, आणि १५ एप्रिल २०२४ पासून तिथे नवा नियम लागू झाला. नियमाची भाषा सरकारी आहे, वाचायला कोरडी. पण त्यात तीन शहाणपणाच्या गोष्टी आहेत. पहिली, त्याने वेगाचा नाद सोडून खेळाचीच व्याख्या केली. टाक्या भरून किंवा इतर उपायांनी मुद्दाम लाट वाढवून खेळता ना, मग हा नियम तुम्हाला लागू. दुसरी, अंतराबरोबर खोली आणली. किनाऱ्यापासून किमान ५०० फूट, पाणी किमान २० फूट खोल, आणि असं सलग पाणी किमान ५० एकर. त्यामुळे लहान तळी आपोआप बाद झाली. तिसरी मला सगळ्यात आवडते. प्रत्येक वेक-बोटीला त्या वर्षापुरतं एक ‘घरचं तळं’ निवडावं लागतं. दुसऱ्या तळ्यात जायचं असेल, तर परत येण्याआधी मान्यताप्राप्त ठिकाणी बोट निर्जंतुक करून घ्यायची. म्हणजे लाटेच्याच नियमात टाकीतल्या पाण्याचाही विचार आहे. मेननेही त्याच वर्षी ३०० फूट आणि १५ फूट खोली असा कायदा केला. तो सौम्य आहे, पण त्यालाही तळाची आठवण आहे.

व्हर्मॉंटच्या नियमालाही खोट आहे. पाण्यावर बसून ५०० फूट डोळ्यांनी मोजता येत नाहीत. २० फूट खोली नकाशा किंवा यंत्र असल्याशिवाय कळत नाही. ‘स्लो, नो वेक’ निदान वाचणाऱ्याला लगेच उमगतं, हा तिचा मोठेपणा मानायला हवा. विस्कॉन्सिनमध्ये राज्याचा नियम किनाऱ्यापासून १०० फुटांचा. त्यामुळे कित्येक गावांनी आपापले वेगळे ठराव केले, आणि एका तळ्यावर चालणारी गोष्ट पलीकडच्या तळ्यावर गुन्हा ठरते. तिथे पाहुणा म्हणून जाणाऱ्याला गावाचा ठराव शोधून वाचावा लागतो. तुम्ही जाणार असाल तर वाचा.

एक गोष्ट मात्र या सगळ्या मजकुरांत, चांगल्यांतसुद्धा, मला सापडली नाही. ती म्हणजे महिना. मे-जूनमध्ये लून पक्षी अगदी पाण्याच्या काठाला चिकटून घरटं करतो, कारण त्याचे पाय इतके मागे असतात की त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. चार आठवडे अंडी उबवताना एक मोठी लाट पुरते. त्याच सुमाराला उत्तर मिनेसोटाच्या तळ्यांत जंगली तांदूळ उगवत असतो. ओजिब्वे लोक त्याला मनूमिन म्हणतात आणि त्यांच्यासाठी तो नुसतं धान्य नाही. साधारण मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची पानं रिबिनीसारखी पाण्यावर आडवी तरंगत असतात, मुळं अजून नीट धरलेली नसतात आणि जोराच्या लाटेने रोप उपटून निघतं. जुलैत तेच रोप पाण्यावर ताठ उभं असतं. बोयावर मात्र मेमोरियल डेपासून लेबर डेपर्यंत तेच तीन शब्द असतात. तांदळाच्या त्या दोन-तीन आठवड्यांसाठी त्यांवर बांधायला एक वेगळ्या रंगाचं फडकं पुरलं असतं.